काळी पट्टी, लाल चुंबक

गेल्या महिन्यात एका वाचकाच्या हातघड्याळाबद्दल लिहिताना मी ओघात म्हणून गेलो की चुंबकाजवळ ठेवलं तर चावीचं घड्याळ पुढे पळायला लागतं. झालं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी गठ्ठाच पाठवून दिला, वर चिठ्ठी: 'तुम्हीच निस्तरा.' गंमत म्हणजे घड्याळाचं कुणालाच सोयरसुतक नाही. सगळ्यांना काळजी फोनची आणि कार्डाची. तीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली, तिथून निघताना आणलेला लाल रंगाचा नालाकृती चुंबक अजून टेबलावर आहे. तो समोर ठेवूनच उत्तरं देतो.

माझ्या पर्सला चुंबकाचं बटण आहे. पुढच्याच कप्प्यात क्रेडिट कार्ड असतं. परवा ते चाललं नाही. मशीनवर बसलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, चुंबकाने गेलं." कार्डावर चीप असताना असं होतं का?
— पर्सवाली

ताई, आधी मीच विचारतो. कार्ड मशीनमधून सरकवलं होतं, खाचेत घातलं होतं, की नुसतं टेकवलं होतं? सगळं उत्तर यावर आहे. कार्ड दिसायला एक असलं तरी त्यात दोन बिऱ्हाडं राहतात. मागे काळी पट्टी, पुढे सोनेरी चीप. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि चुंबकाचं भय फक्त मागच्या बिऱ्हाडाला.

काळ्या पट्टीत चुंबकीय भुकटीचे अतिबारीक कण असतात. त्यांची तोंडं कुठे इकडे, कुठे तिकडे वळवून माहिती लिहिलेली असते. ही लिपी डोळ्यांनी बघता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुदत संपलेल्या माझ्याच एका कार्डावर मी लोखंडाची अगदी मैद्यासारखी बारीक पूड भुरभुरली आणि टिचकी मारून जास्तीची झाडून टाकली. पट्टीवर उभ्या रेघा उमटल्या, एकाखाली एक ओळी, मालाच्या खोक्यावर छापतात तशा. काठाजवळची ओळ दाट, कारण तिथे इंचाला २१० खुणा. तिच्या खालची विरळ, इंचाला ७५ खुणांची. दाट ओळीत तुमचं नावही असतं, विरळ ओळीत नुसते आकडे. नंतर त्याच पट्टीवरून निओडिमियमचा (या धातूच्या मिश्रणाचे चुंबक फार जोरदार असतात) बटणाएवढा चुंबक दोनदा घासला आणि पुन्हा पूड टाकली. रेघा गायब. कार्डाच्या प्लॅस्टिकवर ओरखडासुद्धा नाही, आणि पट्टी मात्र कोरी पाटी.

मग तुमच्या पर्सच्या बटणाने तसं झालं असेल का? पट्ट्या दोन जातींच्या असतात. एक लवकर पुसली जाणारी: साधारण ३०० ओर्स्टेडचं क्षेत्र तिला पुरतं. दुसरी चिवट: तिला २,७५० किंवा ४,००० ओर्स्टेडचा जोर लागतो. (ओर्स्टेड आणि गाऊस ही चुंबकाचा जोर मोजायची मापं. हवेत दोन्हींचे आकडे सारखेच धरले तरी चालतं, म्हणून पुढे मी गाऊसच म्हणेन.) बँकेची कार्डं सहसा चिवट पट्टीची. हॉटेलच्या खोलीची किल्ली म्हणून देतात ती कार्डं बहुधा पहिल्या जातीची, कारण दर पाहुण्यामागे ती नव्याने लिहायची असतात. म्हणूनच ती फोनसोबत खिशात टाकली की रुसतात. एकदा रात्री साडेअकराला मी स्वतः माझ्या खोलीच्या बंद दारासमोर असा उभा राहिलो आहे. एका खिशात कार्ड आणि फोनचं चुंबकी झाकण एकत्र. आयुष्यभर मुलांना चुंबक शिकवणारा माणूस! खाली काउंटरवर गेलो तेव्हा मी काय काम करतो, ते सांगितलं नाही.

फ्रिजवर चिकटवायच्या रबरी चित्रांचा जोर पृष्ठभागावर पन्नास-शंभर गाऊस. तोही मिलिमीटरभर दूर गेलं की आटतो, कारण त्या चकतीत उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे आलटून पालटून आखलेले असतात. अशी दोन चित्रं पाठीला पाठ लावून एकमेकांवर सरकवून बघा, बोटांना कडकड असे टप्पे लागतील. ते हेच पट्टे. त्यांनी बँकेच्या कार्डाचं काही बिघडत नाही. पर्सच्या बटणात मात्र कधीकधी निओडिमियम असतं, आणि त्याच्या तोंडाशी दोन-तीन हजार गाऊस सहज भरतात. तेव्हा बटण रोज थेट पट्टीवरच दाबलं जात असेल तर पट्टी जाऊ शकते. मध्ये कापडाचं अस्तर, दोन कागद, बोटभर अंतर असेल, तर चिंता सोडा. चुंबकापासून जरा लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर जोर आठव्या हिश्श्यावर येतो.

आता चीप. ती सिलिकनची. तिच्यात चुंबकाने लिहिलेलं काहीच नसतं, त्यामुळे पुसायलाही काही नसतं. टेकवून पैसे देता तेव्हाही तीच चीप काम करते. कार्डाच्या पोटात तारेचे वेढे असतात, मशीनच्या सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा बदलणाऱ्या क्षेत्रातून त्या वेढ्यांत वीज निर्माण होते आणि चीप जागी होते. पर्सच्या बटणाचं स्थिर क्षेत्र तिला दिसतही नाही. म्हणून कार्ड खाचेत घालून चाललं नसेल, तर बटणाला दोष देणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. सोनेरी भागावर मळ साचला आहे का, कार्ड वाकून बारीक चीर गेली आहे का, ते बघा. मऊ कापडाने पुसून पुन्हा घाला. मागच्या खिशात पाकीट ठेवून वर्षभर त्यावर बसणारे लोक चुंबकापेक्षा जास्त कार्डं मारतात.

जाता जाता, ही पट्टी कार्डावर आली कशी? १९६०च्या दशकात आयबीएमचे अभियंते फॉरेस्ट पॅरी प्लॅस्टिकच्या कार्डावर चुंबकीय फीत चिकटवू पाहत होते, आणि कुठल्याही गोंदाने फीत वाकडी व्हायची नाहीतर खराब व्हायची. घरी बायको कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, इस्त्रीने चिकटवून बघा. चिकटली. आता मात्र पट्टीचे दिवस भरत आले आहेत. २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून ती पूर्ण काढून टाकू, असं मास्टरकार्डने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.

पाकिटात दोन कार्डांच्या पट्ट्या समोरासमोर आल्या तर एकमेकींना पुसतात म्हणे?
— काटेकोर

नाही. पट्टीचं स्वतःचं क्षेत्र इतकं क्षीण असतं की वाचणाऱ्या यंत्रालाही तिला घासूनच जावं लागतं. ती दुसरीला काय पुसणार! घासून ओरखडे पडतील, एवढंच.

गाडीत फोन लावायला चुंबकाचा स्टँड घेतला. वडील ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी फ्लॉपी चुंबकाने कपाटाला लावून ठेवली होती आणि महिन्याचे हिशेब गेले होते. "तुझे सगळे फोटो जातील बघ," असं रोज ऐकवतात.
— चालक

वडिलांना माझा नमस्कार सांगा. फ्लॉपीबद्दल त्यांचं अगदी बरोबर आहे. फ्लॉपी, कॅसेट, तुमची काळी पट्टी ही सगळी एकाच घराण्यातली: प्लॅस्टिकवर चुंबकीय थर. जुन्या पेटीसारख्या टीव्हीसमोर चुंबक धरला की पडद्यावर जांभळे-हिरवे डाग पडायचे, तेही आमच्या पिढीने पाहिलंय (आणि त्यासाठी मारही खाल्लाय). ती भीती खरीच होती. फक्त त्या वस्तू गेल्या आणि भीती मागे राहिली.

फोनमधल्या फ्लॅश मेमरीत फोटो चुंबकाने लिहिलेला नसतो. तिथे लाखो-कोटी सूक्ष्म कोठड्या असतात, आणि एखाद्या कोठडीत इलेक्ट्रॉन किती कोंडले आहेत यावर माहिती ठरते. भिंती विजेला वाट न देणाऱ्या. एका जागी बसलेल्या विद्युतभारावर स्थिर चुंबकाचा जोर चालत नाही; हलणाऱ्यावरच चालतो. स्टँडवरचा चुंबक दिवसभर टेकून राहिला तरी त्या कोठडीचं कुलूप त्याला उघडत नाही.

शिवाय चुंबकाला फोनपासून दूर ठेवायचं म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा. फोनच्या आत डोकावून बघा. स्पीकरमध्ये चुंबक, कानाशी धरता तिथल्या छोट्या स्पीकरमध्ये चुंबक, थरथरणाऱ्या मोटरमध्ये चुंबक, कॅमेऱ्याची काच पुढे-मागे सरकवायला चुंबक. २०२०च्या आयफोन १२ पासून तर ॲपलने पाठीतच चुंबकांचं कडं बसवलं, आणि तीच कल्पना घेऊन २०२३ मध्ये क्यूआय-२ हे वायरलेस चार्जिंगचं सामायिक मानक जाहीर झालं.

वडिलांना पटवायला आणखी एक सांगा. संगणकाची फिरत्या चकतीची हार्ड डिस्क आजही चुंबकानेच लिहिते, आणि तिच्याच पोटात वाचणारा हात हलवायला जबरी निओडिमियम चुंबक बसवलेले असतात. बाद झालेल्या डिस्क उघडून प्रयोगशाळेसाठी चुंबक मी त्यातूनच काढायचो. दोन तुकडे जवळ आले की असे खटकन मिटायचे की माझ्या अंगठ्याचं नख एकदा महिनाभर काळंनिळं होतं. चकतीपासून काही सेंटिमीटरवर एवढे चुंबक असूनही ती वर्षानुवर्षं चालते, कारण त्यांची ताकद लोखंडी कोंदणात बांधून ठेवलेली असते.

आता तुमच्याकडे वळतो, कारण स्टँड अगदीच निर्दोष नाही. पुढचं पत्र वाचा.

चुंबकी स्टँड वापरायला लागल्यापासून नकाशावरचा बाण उलटीकडेच तोंड करतो. कॅमेराही अधूनमधून धूसर फोटो काढतो. फोन बिघडला की काय?
— दिशाहीन

बिघडला नाही, गोंधळला आहे. फोनमधलं होकायंत्र म्हणजे एक चिमुकला संवेदक (सेन्सर), पुष्कळदा हॉल परिणामावर चालणारा: वीज वाहत असलेल्या पट्टीवर चुंबकाचं क्षेत्र पडलं की तिच्या दोन कडांमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो, तो हा परिणाम. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये तो शोधून काढला तेव्हा टेलिफोनच जेमतेम तीन वर्षांचा होता. या संवेदकाला पृथ्वीचं क्षेत्र ओळखायचं असतं, आणि ते असतं २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, म्हणजे अर्ध्या गाऊसच्या आसपास. त्याच्या शेजारी तुम्ही शेकडो गाऊसचा स्टँड लावलात. ढोल-ताशाच्या मध्यात उभं राहून कुणाची कुजबूज ऐकू येईल? बाण ढोलाकडे बघतो.

तुम्ही कुठे आहात, हे उपग्रहावरून कळतं, ते चुंबकाने बिघडत नाही. तोंड कुठे आहे, एवढंच चुकतं. गाडी चालू लागली की सरकण्यावरून फोन तेही सुधारून घेतो. स्टँडवरून काढल्यावरही बाण चुकत असेल, तर फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठाचा आकडा चार-पाच वेळा काढा. आजूबाजूचे बघतील, बघू देत. आत राहिलेला चुंबकी ठसा किती आहे, हे फोनला त्या फिरवण्यातून कळतं आणि तो तेवढं वजा करतो.

कॅमेऱ्याची तक्रार मी जास्त गंभीरपणे घेईन. हात थरथरला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून काच बारीक आधारांवर तरंगती ठेवलेली असते. तिला चुंबक आणि तारेच्या वेढ्याने सरकवतात, आणि ती नेमकी कुठे आहे हेही चुंबकीय संवेदकानेच मोजतात. बाहेरचा चुंबक जवळ आला की हे मोजमापच खोटं पडतं, काच ओढलीही जाते. ॲपलने स्वतःच तशी सूचना दिली आहे. तेव्हा चुंबक फोनच्या मधोमध किंवा खाली येईल असा लावा, कॅमेऱ्यालगत नको. चुंबक काढला की बहुतेक वेळा कॅमेरा ताळ्यावर येतो. मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांनी मात्र चुंबकापेक्षा इंजिनाच्या सततच्या कंपनांना भ्यावं. त्यांनी झालेली इजा आठाचा आकडा काढून भरून येत नाही.

पेनने लिहायचे मोठे फोन असतात, त्यांच्या पडद्याखालचा पेन ओळखणारा थरही चुंबकाने एखाद्या जागी आंधळा होतो. रेघ मध्येच तुटत असेल तर झाकणातला चुंबक तपासा.

स्टँडसाठी कव्हरमध्ये लोखंडी पत्रा चिकटवलाय, शेजारी एक कार्डही असतं. वायरलेस चार्जिंग होत नाही, उलट फोन तापतो. चुंबक बॅटरी खातो का?
— तापट

चुंबकाने बॅटरीला काही होत नाही. गुन्हेगार पत्रा आहे. चार्जरच्या तबकडीतून सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होणारं क्षेत्र निघतं. ते फोनच्या वेढ्यात पोचायच्या आत तुमच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरवतं आणि पत्राच तापतो. उष्णता मात्र बॅटरीला खरोखर म्हातारी करते. पत्रा काढा, नाहीतर वायरने चार्ज करा.

कार्डही आजच काढा. वर मी चीपला निर्भय म्हटलं ते स्थिर चुंबकापुढे. चार्जर आणि फोन यांच्या मध्ये तिला ठेवलंत तर तो वेगळा मामला: तिच्या वेढ्यात नको तेवढी वीज शिरू शकते. चुंबकी चार्जरच्या आड कार्ड, पासपोर्ट, गाडीची किल्ली ठेवू नका, असं कंपन्या सांगतात ते याचसाठी.

आजोबांना पेसमेकर बसवला आहे. त्यांना नवा फोन घेऊन दिला, ते तो शर्टाच्या खिशात ठेवतात. शेजारी म्हणतात, धोका आहे. खरं?
— नात

हे पत्र गठ्ठ्यात तळाशी होतं. पहिल्यांदा उघडायला हवं होतं.

बाळ, शेजाऱ्यांचं खरं आहे. आजोबांना आजच सांग: फोन शर्टाच्या खिशात नाही. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा संवेदक मुद्दाम ठेवलेला असतो, कारण डॉक्टर बाहेरून चुंबक धरून त्याला ठरावीक लयीत आणतात. त्याला सुमारे १० गाऊस पुरतात. धक्का देऊन हृदय ताळ्यावर आणणारं दुसरं यंत्र असतं, त्याच्यावर चुंबक आला तर तेवढा वेळ धक्का देण्याचं काम थांबतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छातीवर आयफोन १२ धरला तेव्हा एका रुग्णाच्या अशा यंत्राचं काम थांबल्याचं 'हार्ट ऱ्हिदम' या वैद्यकीय नियतकालिकात कळवलं. त्याच वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं: फोन आणि स्मार्ट घड्याळ यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरहून जास्त, असं ॲपल सांगतं.

१५ सेंटिमीटर म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून होते त्या वितीहून थोडं कमी. यंत्र डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला, आणि खिसा पँटचा. चुंबक दूर गेला की यंत्र सहसा आपोआप पूर्वपदावर येतं, म्हणून घाबरून जाऊ नका. पण इअरफोनची डबी, चुंबकी झाकण, गळ्यात अडकवायचं चुंबकी बिल्ल्याचं ओळखपत्र यांनाही हाच नियम. आणि पुढच्या तपासणीला जाताना फोन सोबत नेऊन डॉक्टरांनाच दाखवा. या विषयात त्यांचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या वर.

एमआरआयच्या खोलीत फोन नेला तर काय होईल?
— कुतूहल

नेऊ देणार नाहीत, आणि नेऊ नकाच. तिथलं क्षेत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्ला, म्हणजे १५ ते ३० हजार गाऊस. कार्डाची पट्टी पुसली जाईलच. पण लोखंडाची वस्तू हातातून सुटून रुग्णाच्या दिशेने उडते, खरं भय त्याचं. आता एक मजेशीर गोष्ट. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात नवं एमआरआय यंत्र बसवताना इमारतीतले सुमारे ४० जणांचे आयफोन आणि ॲपल घड्याळं एकदम निपचित पडली. सगळ्यांनी बोट चुंबकाकडे दाखवलं. निघाला हेलियम वायू! यंत्र थंड ठेवायचा हेलियम गळून हवेत पसरला होता, आणि त्याचे चिमुकले अणू फोनच्या आतल्या घड्याळाचा ठेका धरणाऱ्या सूक्ष्म कंपकाच्या बंद डबीत शिरून त्याचा ताल बिघडवत होते. काही दिवसांनी वायू निघून गेल्यावर बहुतेक फोन जागे झाले.

मी सातवीत आहे. फोनने चुंबकाची ताकद मोजता येते का?
— सातवी, ब

येते! याच पत्राची वाट बघत होतो. घरच्यांना विचारून चुंबकीय क्षेत्र दाखवणारं ॲप फोनवर घे. आकडा मायक्रोटेस्लात दिसेल. फोन टेबलावर ठेव, कव्हर काढून. आधी चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवून आकडा लिही, तो पृथ्वीचा. मग छोटा चुंबक घेऊन फोनच्या कडेने फिरव आणि आकडा सगळ्यात जास्त कुठे उसळतो ते बघ. संवेदक तिथे आहे. पुष्कळ फोनांत तो वरच्या कडेजवळ सापडतो.

आता तिथून पट्टी लाव आणि चुंबक ३० सेंटिमीटरवर ठेव. मग २५, २०, १५, १०. चुंबक वळू देऊ नकोस, एकाच तोंडाने सरकव. प्रत्येक आकड्यातून पृथ्वीचा आकडा वजा कर. १० च्या पुढे जाऊ नकोस, संवेदकाचा कान बसतो आणि मग आठाचा आकडा काढत बसावं लागतं. २० वरचा आकडा आणि १० वरचा आकडा शेजारी मांड. मी पर्सवाल्या ताईंना 'आठवा हिस्सा' सांगितलं आहे. तुझ्याकडे नेमका आठपट नाही निघणार, बहुतेक थोडा इकडेतिकडे येईल. किती येतो ते मला पाठव. आणि चुंबक कसला वापरलास, तेही.